रशीद चाचा आणि वीस रडके कॉम्प्युटर

नसीमचा फोन आला तेव्हा नववीच्या मुलींचं प्रात्यक्षिक चालू होतं. नसीम म्हणजे रशीद चाचांची मुलगी, नांदेडला देगलूर नाक्याकडं राहते. एरवी ती "सुमनबाजी, घरचे सगळे खैरियत?" असं विचारल्याशिवाय पुढचं बोलत नाही. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाजी, अब्बा गेले. सकाळी." मी "बरं" म्हणाले. काय बरं होतं त्यात, कुणास ठाऊक... अशा वेळी तोंडातून भलतंच निघतं. मग तिनंच सांगितलं, की दफन लातूरला, अम्मीच्या शेजारी करायचं असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि गाडी दुपारी चाकूरवरूनच जाणार आहे. आमची मुलींची शाळा चाकूरला, नांदेड-लातूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. मी मुख्याध्यापिका बाईंकडं गेले आणि परवानगी वगैरे न मागता सांगून टाकलं, की दुपारी लॅबच्या मुली रस्त्यावर उभ्या राहणार आहेत. बाई माझा स्वभाव ओळखून आहेत. त्यांनी चप्पल घातली आणि त्याही आल्या.

गाडी फाट्यावर दोन मिनिटं थांबली. नसीमच्या नवऱ्यानं मागचं दार उघडलं. मुलींना कळेना काय करायचं. कुणी हात जोडले, कुणी नुसतीच मान खाली घातली. मग दहावीतल्या मुबीनानं दुआसाठी हात उचलले, आणि तिचं बघून सगळ्यांनीच उचलले, ज्यांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं त्यांनीसुद्धा. गाडी गेल्यावर चहाच्या टपरीवरच्या एका माणसानं मला विचारलं, "कोण होते हो मॅडम? लई मोठे पुढारी होते का?" मी म्हणाले, "लातूरला टीव्ही दुरुस्त करायचे." तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याला तिथं उभ्याउभ्या काय सांगणार... म्हणून आज महिन्याभरानं, जरा निवांत झाल्यावर, इथं सांगते आहे.

लातूरला गंजगोलाईच्या मागं एका अरुंद गल्लीत चाचांचं दुकान होतं. जुने, पोटाड्या पाठीचे टीव्ही भिंतीला रचून ठेवलेले, मधे एक लाकडी टेबल, टेबलावर बल्ब आणि बल्बखाली चाचांची टोपी. टीव्ही उघडून चालू केला की ते डावा हात पाठीमागं नेऊन ठेवायचे आणि उजव्यानंच काम करायचे. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताला निघते, असं त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पुढं पातळ टीव्ही आले, त्या जुन्या पिक्चर ट्यूबा भंगारात गेल्या, गिऱ्हाईक आटलं, पण हात काही पाठीमागून पुढं आला नाही. कॉम्प्युटरचा कीबोर्डसुद्धा ते एका हातानंच चालवायचे. मी हसायचे. "चाचा, याला करंट नाही." तर म्हणायचे, "मला ठाव हाय, हाताला ठाव न्हाई."

मी रेणापूरकडच्या एका शेतकऱ्याच्या घरातली. डिप्लोमा करून चाकूरच्या शाळेत कॉम्प्युटरची निदेशिका म्हणून लागले होते, आणि त्या डिप्लोमाचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. शाळेचा एक मॉनिटर बिघडला म्हणून तो घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले. बघते तर टेबलाच्या कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर, आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स चालू. साठीला आलेला, नाकावरचा चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला माणूस, आणि लिनक्स! आमच्या कॉलेजच्या सरांनी ते नुसतं परीक्षेपुरतं शिकवलं होतं. मी विचारलं, "हे कुणी टाकून दिलं तुम्हाला?" तर म्हणाले, "मीच. लोक हे फुकट हाय म्हणून घेतेत. मला उघडून बघता येतंय म्हणून पायजे. बंद डब्याचं मला जमत न्हाई मॅडम."

तिथून आमची गट्टी जमली. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायचे, अडलेले शब्द जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर देवनागरीत लिहून ठेवायचे आणि आठवड्यातून एकदा फोन करून मला अर्थ विचारायचे. बदल्यात मला उघडून बघायला शिकवायचे. एकदा विचारलं, "बेटा, डिप्रिकेटेड म्हंजे काय?" मी म्हणाले, म्हातारं झालेलं, अजून चालतंय पण पुढच्या वेळी ठेवणार नाहीत असं. पलीकडून आवाज आला, "म्हंजे माझ्यावानी." मला इतकं हसू आलं की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

मग आमच्या शाळेला वीस कॉम्प्युटर मिळाले. कुठल्याशा शहरातल्या ऑफिसनं नवे घेतले आणि जुने आमच्याकडं पाठवले, आत काहीही न घालता. संस्थेच्या सचिवसाहेबांचं म्हणणं होतं, बघू पुढच्या वर्षी. मी हटून बसले. म्हटलं, मी लिनक्स टाकते, एक पैसा लागणार नाही, आणि चालवून दाखवते. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, फुकटाचं काय टिकतंय. मी त्यांनाही सुनावलं. म्हणजे ती वीस मशीनं माझ्या शब्दावर उभी होती.

पहिल्या मशीनवर लिनक्स टाकलं आणि चालू करताना पडदा काळाठिक्कर पडला. तासभर झटले. शेवटी इंटरनेटवर एका अनोळखी माणसानं दुसऱ्या अनोळखी माणसाला दिलेला सल्ला सापडला: मशीन चालू होताना जी सुरुवातीची ओळ वाचतं, तिच्या शेवटी एक शब्द टाका, नोमोडसेट. टाकला. पडदा उजळला. मी टाळी वाजवली. तो शब्द नेमकं काय करतो, हे बघायची मला गरजच वाटली नाही. त्या पहिल्या मशीनची डिस्क आई धरून बाकीच्या एकोणीस मशीनवर तिची नक्कल उतरवली, दोन दिवसांत वीस तयार. पेढे वाटले. मुलींना लिनक्स कसं टाकायचं त्याच्या पायऱ्या लिहून दिल्या, त्यात सहावी पायरी तो शब्द. कशासाठी टाकायचा ते सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

आठवड्याभरात मुली म्हणायला लागल्या, मॅडम, रडून राहिला. रडतो हा त्यांचाच शब्द. खिडकी धरून बाजूला ओढली की तिच्या मागं तिच्याच चिंध्या पडदाभर पसरायच्या. मेनू उघडायला सांगितला की जरा विचार करून उघडायचा. चित्र काढताना ब्रश पुढं जायचा आणि रेघ मागून यायची. पडद्यावरची अक्षरं ही एवढाली, ती लहान करायची सोयच दिसेना, आणि वीसच्या वीस मशीनचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरत राहायचे. मी व्होल्टेजला दोष दिला, धुळीला दिला, मुलींच्या हाताला दिला, मशीनच्या वयाला दिला. आठ महिने असे काढले. आणि मग सचिवसाहेबांची चिठ्ठी आली: दिवाळीच्या सुट्टीत मशीनं भंगारात काढायची, खोलीत शाळेचं जुनं सामान ठेवायचं, आणि सुमन मॅडमनी ऑफिसमध्ये बसावं.

माझं ऑफिसात बसणं मी सोसलं असतं. पण त्या मुलींचं काय? त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलींनी दुसरा कॉम्प्युटर बघितलाही नव्हता. घरात फोन असला तर तो भावाच्या हातात. ती खोली हीच त्यांची जागा होती, जिथं बटण दाबलं म्हणून कुणी ओरडत नव्हतं. चिठ्ठी वाचून मी घरी आले, पोटभर रडले आणि चाचांना फोन लावला. आठ महिन्यांत एकदाही त्यांना याबद्दल सांगितलं नव्हतं. त्यांनी तेच विचारलं, का न्हाई सांगितलं? मी म्हणाले, वाटलं मला जमेल. ते नुसतं "हं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं चाकूरला हजर. हातात जेवणाचा डबा, पिशवीत पेचकस, मीटर आणि चार-दोन वायरी.

पहिला दिवसभर त्यांनी एकाही मशीनला हात लावला नाही. मुलींच्या मागं खुर्ची टाकून बसले, डावा हात पाठीमागं. मुलींना म्हणाले, तुमी रोजच्यावानी काम करा, अन् कधी रडतो, कधी न्हाई, ते तेवढं सांगा. फळ्यावर दोन रकाने काढायला लावले. गाणं दुसऱ्या फोल्डरात टाकलं, झटकन. मोठी बेरीज, झटकन. नुसत्या अक्षरांचा काळा पडदा असतो त्यावर टाइप केलं, पाण्यासारखं. आणि खिडकी हलवली, फोटो मोठा केला, पान वर सरकवलं, की रडारड. मी आठ महिने त्या खोलीत होते आणि हे दोन रकाने मला सुचले नव्हते... संध्याकाळी चाचा म्हणाले, मेमरी कमी पडत असंल. एका मशीनची काढून दुसऱ्यात घातली, दुप्पट केली. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात आल्या आल्या म्हणाले, "पोरीनो, काल माझा अंदाज चुकला. लिहा फळ्यावर, रशीदभाईचा अंदाज चूक." खडू हातात असलेली मुलगी माझ्याकडं बघायला लागली. वयानं एवढ्या मोठ्या माणसाचं नाव कसं लिहायचं? ते म्हणाले, "लिही बेटा, न्हाईतर दुपारी मी पुन्हा तेच करीन."

मग त्यांनी टीव्हीवाल्याची रीत धरली. टीव्हीत चित्र दिसत नसलं की ते पडद्यापासून मागं मागं जायचे, कुठपर्यंत चित्र आलं आणि कुठं अडलं हे बघत. इथंही तेच. मशीनलाच विचारता येतं, की बाबा, पडद्यावरचं चित्र काढतंय कोण? त्याचा एक हुकूम असतो. तो टाइप केला. उत्तरात आतल्या ग्राफिक्स चिपचं नाव यायला हवं होतं. आलं होतं एका प्रोग्रॅमचं नाव, जो चिप मिळाली नाही की सगळं चित्र मुख्य प्रोसेसरकडून काढून घेतो. चाचा खूश झाले. मुलींना म्हणाले, "बघा, रांगोळीवाली घरात बसून हाय, अन् पाढे म्हणणाऱ्याकडून रांगोळी काढून घेऊन राहिलेत. पंखा बोंबलंल न्हाई तर काय!" चिप जागेवर आहे का? आहे, यादीत तिचं नाव आहे. मग तिला उठवलं का नाही कुणी? मशीन चालू होताना स्वतःशी जे काही बोलतं, ती सगळी नोंद त्यांनी उघडली आणि पहिल्या ओळीपासून बोट धरून वाचायला लागले. फार लांब जावंच लागलं नाही. वरच्याच ओळींत, सुरुवातीच्या हुकुमाच्या शेपटाला, माझा शब्द.

"नो... मोड... सेट. ह्याचा अर्थ काय बेटा?" नेहमीसारखंच विचारलं त्यांनी. अर्थ त्या क्षणी माझा मलाच लागला. मशीनला सांगितलेलं, की पडद्याची जुळणी तू स्वतः करायची नाहीस. म्हणजे चिप उठायलाच नको. मी अर्थ सांगितला. मग त्यांनी विचारलं, हा शब्द कुणी टाकला? शेजारी दोन मुली उभ्या होत्या. आणि मी, जिनं आयुष्यभर लोकांना तोंडावर सुनावलं, ती मी म्हणाले, "डिस्कमध्ये पहिल्यापासूनच असेल." चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ती ओळ ज्या फाइलीत होती तिच्यावर ती कधी बदलली त्याची तारीख स्पष्ट दिसत होती, मी पेढे वाटले त्याच आठवड्यातली. "असंल," एवढंच म्हणाले आणि पडदा वर सरकवला.

सात नंबरच्या मशीनमधून शब्द काढला, मशीन बंद करून चालू केलं. एका मुलीनं खिडकी धरून ओढली आणि ती खिडकी अशी सरकली, की ती मुलगी घाबरून हात काढून बसली. अक्षरं नेटकी झाली. आणि पंखा शांत झाला. तेव्हा लक्षात आलं, की आठ महिने आम्ही त्या खोलीत एकमेकींशी ओरडून बोलत होतो. मग एक नंबर, माझं पहिलं मशीन. त्यातून शब्द काढला आणि पडदा पुन्हा काळाठिक्कर. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, म्हणजे शब्द टाकण्यात माझी काही चूक नव्हती! चाचांनी मशीनकडं बघितलंही नाही. मॉनिटरची वायर उपसली, तिचं तोंड उजेडाकडं धरलं. आतली एक बारीक पिन दबून आडवी झालेली. त्याच पिनेतून मॉनिटर आपलं माप कॉम्प्युटरला सांगतो. माप कळेना, म्हणून मशीन भलतंच चित्र पाठवायचं आणि पडदा काळा पडायचा. पिशवीतली दुसरी वायर लावली, एक नंबरही झकास चालू. "एक पिन वाकली, अन् तिची दवा वीस जणाला पाजली," चाचा त्या वायरीशीच बोलल्यासारखं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सचिवसाहेब बघायला येणार होते. एकोणीस मशीनमधून आम्ही तो शब्द काढला, आणि आठ नंबर मुद्दाम तसंच ठेवलं, शेजारीशेजारी दाखवायला. साहेबांची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात प्रणिता आली. दहावीची, हुशार मुलगी, जवळच्या खेड्यातून यायची. म्हणाली, "चाचा, आमच्या गावच्या वाचनालयातला कॉम्प्युटर पण असाच रडतोय. मी अन् माझ्या बहिणीनं टाकलंय त्यात लिनक्स, मॅडमच्या वहीवरून." चाचांनी तिची वही मागून घेतली. सहाव्या पायरीवर बोट ठेवलं, वही मिटली, तिला परत दिली आणि पाणी आणायला पाठवलं. ती गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेटा, मी काई बोलत न्हाई. पण ही वही घरोघर जाऊन राहिली." मला राग आला त्यांचा. इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. कारण साहेबांपुढं मी खरं बोलले असते तर लॅब वाचायची ती जायची, आणि माझी नोकरीही. आणि नाही बोलले तर माझ्या अक्षरातली ती पायरी मुली गावोगाव नेणार होत्या, विश्वासानं, मॅडमनी सांगितली म्हणून.

साहेब आले. आठ नंबरवर खिडकी ओढून बघितली, मग सात नंबरवर. पुन्हा आठ, पुन्हा सात. "हे नवीन घेतलं का?" "न्हाई साहेब, तेच हाय." "मग बिघाड काय होता?" खोलीत पंचवीसेक मुली, मुख्याध्यापिका बाई, दोन शिक्षक. चाचांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. त्यांनी सांगितलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. ते चष्माच पुसत राहिले... मी म्हणाले, "बिघाड मशीनमध्ये नव्हता साहेब. मी एक शब्द टाकला, त्याचा अर्थ न बघता, आणि तो वीसही मशीनमध्ये उतरवला. काल चाचांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले." आणि मग मुलींकडं वळून म्हणाले, वह्या काढा, सहावी पायरी खोडा. साहेब म्हणाले, "म्हणजे आठ महिने तुमच्यामुळं?" मी हो म्हणाले. तेव्हा चाचा बोलले. "साहेब, मी चाळीस वर्सं लोकाचे टीव्ही खोलले. चुका मायंदाळ केल्या. मशीनची चूक सापडती हो. माणूस लपवायला लागलं की सापडत न्हाई. ह्या मॅडमला इथंच राहू द्या."

लॅब राहिली. मलाही ठेवलं, पण फुकट नाही. सचिवसाहेबांनी मला लेखी मेमो दिला, निष्काळजीपणाबद्दल, सही-शिक्क्यानिशी. माझ्या नोकरीतला पहिला आणि आजवरचा शेवटचा. चाचांना फोनवर वाचून दाखवला तर म्हणाले, फ्रेम कर. मी खरंच केला. तो घरी माझ्या डिप्लोमाच्या शेजारी लावलेला आहे, आणि पाहुणे विचारतात तेव्हा मी आधी मेमोची गोष्ट सांगते, डिप्लोमाची राहूनच जाते. त्याच आठवड्यात प्रणिताच्या गावी जाऊन वाचनालयातला तो शब्द आम्ही काढला. चाचा मुद्दाम लातूरहून आले होते. काम दहा मिनिटांचं, पण गावानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. प्रणितानं स्वतःच्या हातानं शब्द काढला आणि तो काय करतो हे तिथल्या ग्रंथपालांना इतकं नीट समजावून सांगितलं, की चाचा मला कोपर मारून म्हणाले, "आता ही बघ. आपल्या दोघाला इकून खाईल."

पुढं रेणापूरहून, बिलोलीहूनही शाळांचे फोन त्यांना यायला लागले. लोक त्यांना लिनक्सवाले चाचा म्हणायचे. पिशवी घेऊन एसटीनं जायचे, पहिला दिवस कशाला हात न लावता मागं बसायचे. गावोगावच्या मास्तरांना हे विचित्र वाटायचं. त्यांना वाटायचं, आल्या आल्या माणूस मशीन खोलेल. कुठलं सर्टिफिकेट नव्हतं त्यांच्याकडं, मागायला गेले असते तर मिळालंही नसतं. मला मात्र सांगायला अभिमान वाटतो, की जे मी डिप्लोमात शिकले ते बरंचसं आता डिप्रिकेटेड झालं, आणि गंजगोलाईमागच्या टेबलाशी जे शिकले ते रोज लागतं. चाची गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि ते नांदेडला नसीमकडं राहायला गेले. जाताना टेबल एका रेडिओवाल्याला दिलं. मला फार वाईट वाटलं होतं, त्यांना नाही. म्हणाले, टेबलानं काय रिपेर होतंय व्हय?

शेवटचं भेटले ते दोनेक महिन्यांपूर्वी, नांदेडला. दम लागायचा त्यांना, पलंगावर उशांना टेकून बसलेले. नसीमनं चहा आणला. मी लॅबचं सगळं सांगत होते आणि त्यांनी मधेच विचारलं, कितीक मशीन बंद हाईत? मी म्हणाले, एकही नाही. डोळे मिटूनच म्हणाले, "खोटं बोलून राहिलीस." मी म्हणाले, "दोन आहेत." तर असे हसले, असे हसले, की खोकल्याची उबळ आली आणि नसीम मलाच रागावली. निघताना त्यांच्या पायाला हात लावला. ते पाय मागं घ्यायचे एरवी. त्या दिवशी घेतले नाहीत, आणि मला तेव्हाच समजायला हवं होतं. बसमध्ये लोह्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले होते.

ते गेल्यावर पंधरा दिवस मला लॅबमध्ये नीट शिकवता येत नव्हतं. मुली समजून होत्या. मागच्या आठवड्यात आठवीची एक मुलगी, श्रावणी नावाची, याच वर्षी शाळेत आलेली, तास चालू असताना जागेवर उभी राहिली. बारीक आवाज, पण स्पष्ट. म्हणाली, "मॅडम, चौदा नंबर बिघडलाय. म्हणजे तो बिघडला नाही, मीच केलं. मला अक्षरं मोठी करायची होती, मी आकडा वाढवत गेले, आता सगळं पडद्याच्या बाहेर गेलंय. आधी एक होता, मी तीन केला. त्यानंतर कशालाच हात लावला नाही." एवढं सांगून ती माझी वाट बघत उभी राहिली. घाबरलेली वगैरे अजिबात नव्हती. तिनं चाचांना पाहिलेलं नाही, त्यांचं नावही तिला माहीत असेल की नाही कोण जाणे. आणि बाकीच्या चोवीस मुलींपैकी एकही हसली नाही, एकीनंही मान वळवून पाहिलं नाही, त्यांचं टाइपिंग तसंच चालू राहिलं. माझ्या लॅबमध्ये "मी केलं" असं म्हणायला आता धाडस लागत नाही. ते एकदाच लागलं होतं, आणि तेव्हा चाचा माझ्या शेजारी उभे होते.